इतर सेवा

मखमलाबादला कमळाबाईंच्या घरी फोनचं बिल दर महिन्याच्या सहा तारखेला यायचं आणि दहाच्या आत भरलं जायचं. ते वाचायचं मात्र कोणी नाही. घरातला लँडलाइन, इंटरनेट, टीव्ही आणि चार माणसांचे चार मोबाइल, सगळं एकाच कंपनीचं, एकाच योजनेत, एकाच कागदावर. त्या कागदावर ओळी दोनच. वरची ‘आनंदी कुटुंब एकत्रित योजना’. खालची ‘इतर सेवा’.

दिवाळीनंतर एकदा मुलगा सोमनाथ औषधं आणायला नाशिकला गेला होता, तेव्हा बिलाचा लिफाफा कमळाबाईंच्या हातात पडला. त्यांनी चष्मा लावून दोन्ही ओळी वाचल्या, कागद उलटा करून मागची कोरी बाजू पाहिली आणि सुनेला हाक मारली.

“मीना, ही इतर सेवा म्हंजे काय गं?”

“असंल काहीतरी, आई.”

“काहीतरी म्हंजे काय?”

मीनाला सांगता आलं नाही. संध्याकाळी सोमनाथला विचारलं, त्यालाही नाही. नवरा पुंजाराव म्हणाले, “जाऊ दे ना आता.” कमळाबाई बासष्ट वर्षांच्या होत्या, सातवीपर्यंत शिकलेल्या. चाळीस वर्षं त्यांनी पंचवटीच्या फूलबाजारात निशिगंध आणि शेवंती विकली होती. ‘जाऊ दे’ हा शब्द त्यांच्या धंद्यात चालत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजार उरकला, उरलेल्या फुलांची पाटी कडेवर घेतली आणि त्या सिटी बसने थेट गंगापूर रोडला, फोन कंपनीच्या ऑफिसात पोचल्या.

ऑफिस काचेचं, आत एसी, मऊ सोफे. काउंटरवर रोशनी नावाची तिशीतली बाई होती. कमळाबाईंनी बिल तिच्यापुढे सरकवलं.

“ही खालची ओळ सांग.”

रोशनी गोड हसली. “आजी, तुमचं बंडल आहे ना, त्यात सगळं एकत्र येतं. वेगवेगळं दाखवत नाही.”

“बंडल तं मीबी बांधते बाई. पन निशिगंधाच्या बंडलात दांड्या किती ते गिऱ्हाईक विचारतं, आन् मला सांगावं लागतं. मी जर म्हनले, बंडल हाय, मोजू नको, तं ते म्हनंल, म्हातारी बंडल मारते.”

मागच्या रांगेतला एक माणूस मोठ्याने हसला. रोशनीने संगणकावर काहीतरी उघडलं, वाचलं, आणि आवाज एकदम खाली आणला. “आजी, तसं बघितलं तर तुमच्याच नंबरवर...”

“तोंडी नको. मला लेखी पायजे. कागदावर, एकेक ओळ, मराठीत.”

“लेखी देण्याची पद्धत नाही आमच्याकडे.”

“मग पद्धत पडेपर्यंत मी बसते.”

आणि त्या बसल्या. सोफ्याच्या मधोमध. पाटी पुढ्यात घेतली, कमरेचा दोऱ्याचा गुंडा काढला आणि गजरे ओवायला सुरुवात केली. पाच मिनिटांत त्या बंद काचेच्या खोलीत निशिगंधाचा असा वास भरला की बिल भरायला आलेली माणसं थबकून श्वास घेऊ लागली. एका बाईने गजरा मागितला, मग दुसरीने. पाऊण तासात टोकन घ्यायच्या रांगेपेक्षा कमळाबाईंपुढची रांग मोठी झाली. आतल्या केबिनमधून मॅनेजर साहेब बाहेर आले. त्यांना फुलांच्या वासाने शिंका येतात हे त्यांनी चार शिंकांच्या मधल्या वेळात सांगितलं.

“आजी, हे ऑफिस आहे... आक्छी... इथे विक्री चालत नाही.”

“मी कुठं विकायला आले? मी बिल विचारायला आले. बसल्या जागी हाताला काम हाय एवढंच.”

साहेबांनी आणखी दोन शिंका दिल्या आणि रोशनीला सांगितलं, की यांची तक्रार वर पाठव, यांना तपशीलवार बिल मिळू दे, आणि यांना आत्ताच्या आत्ता बस मिळू दे. रोशनीने अर्ज भरला, कमळाबाईंनी सही केली. दहा दिवसांत घरी बिल येईल, सगळं वेगवेगळं दाखवलेलं, असं रोशनीने सांगितलं. जाताना कमळाबाईंनी तिच्या केसांत एक गजरा स्वतःच्या हाताने माळला.

रात्रीच्या जेवणाला सगळे पाटावर बसल्यावर त्यांनी बातमी दिली.

“दहा दिवसांत खरं बिल येनार हाय. एकेक गोष्ट वेगळी. कोनी काय वापरलं, समदं.”

पुंजारावांचा घास तोंडाशी थांबला. मीना वाढता वाढता तशीच राहिली आणि डावातली आमटी सोमनाथच्या पाण्याच्या तांब्यात पडली. सोमनाथच्या ते लक्षातही आलं नाही. तो आईकडे बघत होता.

“समदं म्हंजे, आई? कोणाला फोन केला तेबी?”

खरं तर हे कमळाबाईंना माहीत नव्हतं. पण तीन माणसांचे तीन चेहरे समोर होते, आणि त्या चाळीस वर्षं गिऱ्हाइकांचे चेहरे वाचत आल्या होत्या. त्यांनी शांतपणे भाकरीचा तुकडा मोडला.

“तेबी. नंबर, तारीख, किती मिन्टं. वर फोटो लावतील का ते नाय विचारलं.”

त्या रात्री घरात कोणी टीव्ही लावला नाही.

पहिली मीना आली, तिसऱ्या दिवशी सकाळी. दोघी पडवीत केळीच्या सोपटाने, म्हणजे खोडाच्या ओल्या सालीने, निशिगंधाच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. मीना नेहमी भराभर बांधायची, पण त्या दिवशी तिने एकच जुडी तीनदा सोडली.

“आई, एक सांगायचं होतं. बिलात वणीचा नंबर दिसंल. माझ्या वहिनीचा. पुष्कळदा दिसंल.”

“माहेरी फोन करायला कोनी नाय म्हनलंय?”

“तसं नाय.” मीनाने मान खाली घातली. “आपला काळा मसाला मी करत नाय. वहिनी करते. मी फोन करून सांगते आन् ती वणीच्या बसमधून पाठवते.”

कमळाबाईंचे हात थांबले. मीना लग्न होऊन आली तेव्हा काळा मसाला त्यांनी स्वतः तिला शिकवला होता. पहिल्या वर्षी तिने तो जाळला होता, घरादाराला ठसका लागला होता. दुसऱ्या वर्षापासून मसाला असा काही उतरू लागला की कमळाबाई गल्लीभर सांगत सुटल्या, सुनेला माझ्या हातचं वळण लागलं. गल्लीतल्या निम्म्या घरांत त्यांनी तो वाटीवाटीने वाटला होता, आपला म्हणून.

“किती वर्षं झाली?”

“नऊ.”

कमळाबाईंनी हातातली जुडी खाली ठेवली. मीनाच्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं. मग त्यांनी इकडेतिकडे बघून आवाज बारीक केला.

“तुझ्या वहिनीला म्हन, यंदा दगडफूल जरा कमी टाक. आन् शेजारी हे कोनाला कळता कामा नये. समजलं?”

सोमनाथ दोन दिवसांनी आला. आला म्हणजे त्याने आईला गुलाबाच्या पॉलिहाउसमध्ये बोलावून नेलं, दाराचा पडदा ओढून घेतला आणि चार वेळा घसा साफ केला.

“नाशिकरोडचा नंबर येईल बिलात. रोज संध्याकाळी सहाला. रोज पाऊण तास.”

कमळाबाईंनी त्याला वरून खाली न्याहाळलं. छत्तीस वर्षांचा बाप्या, रोज सहाला, पाऊण तास. त्यांनी पदर कमरेला खोचला. “कोन हाय ती?”

“ती नाय, ते. सर आहेत. शाळेत गाणं शिकवायचे, आता रिटायर झाले.” सोमनाथ गुलाबाच्या कळ्यांकडे बघून बोलत होता. “मी गाणं शिकतोय, आई. फोनवर. दोन वर्षं झाली. इथं बसून म्हणतो, कोणाला ऐकू जात नाय.”

ऐकू जात होतं. पुंजाराव दोन वर्षं म्हणत होते, की रोज संध्याकाळी पॉलिहाउसकडच्या मोटरीचं बेअरिंग रडतं. त्यासाठी त्यांनी गोरक्ष मेकॅनिकला दोनदा बोलावलं होतं. गोरक्षने दोन्ही वेळा मोटर खोलली, पुसली, पुन्हा बसवली आणि मोटर नवी घ्या म्हणून सांगितलं.

“म्हनून दाखव,” कमळाबाई म्हणाल्या.

सोमनाथने डोळे मिटले, एक हात कानाशी नेला आणि सुरू झाला. कमळाबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

“शिकत राहा,” त्या म्हणाल्या. “पन गोरक्षाचं चुकलंच होतं, असं मला आजूनबी म्हनता येत नाय.”

राहिले पुंजाराव. ते काही बोलायला आले नाहीत. पण सहाव्या दिवसापासून ते सकाळी चहा झाला की रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर जाऊन बसू लागले. सदतीस वर्षांच्या संसारात कमळाबाईंनी त्यांना मोरीवर बसलेलं पाहिलं नव्हतं. कशाला बसता म्हणून विचारलं तर म्हणाले, “ऊन बरं वाटतं.” ढगाळ हवेतही ते जाऊन बसले.

नवव्या दिवशी ते जेवायला आले तेव्हा नेहमीसारखं टेकून न बसता ताठ बसले. मीनाने ताट वाढलं. पुंजाराव भाकरी घ्यायला वाकले आणि कर्र असा आवाज झाला. कमळाबाईंनी वर पाहिलं. पुंजाराव तसेच थांबले, मग हळूच चटणीकडे हात नेला. पुन्हा कर्र.

“तुमचं पोट काहून वाजतं?”

“भूक लागली.”

“भुकेनं गुरगुरतं. हे कागदासारखं वाजतं.”

पुंजारावांनी घास तोंडात घातला आणि चावायला लागले. प्रत्येक चावण्याबरोबर कर्र, कर्र, कर्र. सोमनाथ आणि मीना ताटात बघत होते. अखेर पुंजारावांनी घास गिळला, बंडीची गुंडी काढली आणि आतून कंपनीचा लांबट पांढरा लिफाफा काढून पाटाशेजारी ठेवला.

“माझ्या नावाचा हाय,” ते म्हणाले. “पोस्टमननं मला दिला.”

“मग लपवला कशाला?”

“त्यात नामपूरचा नंबर असंल.”

नामपूर हे नाव त्या घरात अकरा वर्षांनी उच्चारलं गेलं होतं. पुंजारावांची धाकटी बहीण गोजराबाई बागलाणात नामपूरला दिलेली. सोमनाथच्या लग्नात ती भर मांडवात म्हणाली होती, की नामपूरच्या माणसांच्या पंगतीला जिलबी पोचलीच नाही. कमळाबाई म्हणाल्या, पोचली. गोजराबाई म्हणाली, नाही पोचली. त्या दिवसापासून दोन्ही घरांचं येणंजाणं बंद, बोलणं बंद. पुंजारावांनी बायकोच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती, की मीही बोलणार नाही.

“दर गुरवारी,” पुंजाराव म्हणाले. “तू दत्ताच्या देवळात भजनाला जाते तवा. लँडलाइनवरून. मोबाइलवर तू बघशील म्हनून.”

“अकरा वर्षं?”

“पहिले दोन महिने नाय केला.”

कमळाबाईंनी हिशोब केला. पाचशेच्या वर गुरुवार. “आन् काय बोलता एवढं?”

“ती विचारते, वहिनीनं काय केलं आज जेवायला. मी सांगतो.”

 कमळाबाईंनी रागवायचं तर ठरवून ठेवलं होतं, पण ऐनवेळी राग कुठे गेला कोण जाणे. त्या उठल्या, हात धुतले, चष्मा आणला. “आता वाचूनच टाकू,” म्हणाल्या आणि लिफाफा फाडला.

तिघंही मान खाली घालून बसले. कमळाबाई एकेका अक्षरावर बोट ठेवून मोठ्याने वाचू लागल्या. “लँडलाइनचं भाडं. इंटरनेट. टीव्ही, मराठी वाहिन्यांचा संच. मोबाइल पहिला. मोबाइल दुसरा. मोबाइल तिसरा. मोबाइल चौथा. सर्व फोन अमर्याद, मोफत.” त्यांनी पान उलटलं. मागे नियम होते.

सोमनाथने मान वर केली. “नंबर कुठंय?”

“कसले?”

“कोणी कोणाला फोन केला ते. तारखा, मिनिटं.”

कमळाबाईंनी पुन्हा दोन्ही बाजू बघितल्या. एकही नंबर नव्हता. फोन मोफत, त्यामुळे ते मोजायची कंपनीला काही गरजच नव्हती.

“म्हणजे मी उगाच सांगितलं?” मीना म्हणाली.

“काय सांगितलं?” सोमनाथने विचारलं.

“तू काय सांगितलं?” पुंजारावांनी सोमनाथला विचारलं.

एकच कालवा झाला. पाच मिनिटांत वणीचा मसाला, नाशिकरोडचे सर आणि नामपूरचे गुरुवार सगळ्यांना ठाऊक झाले. पुंजाराव गोरक्षला दिलेल्या दोन खेपांच्या मजुरीबद्दल मुलाला फैलावर घेऊ लागले. मीना तोंडाला पदर लावून हसत होती. या गोंधळात कमळाबाईंचं बोट कागदाच्या तळाशी, बारीक अक्षरातल्या, वाचायच्या राहिलेल्या ओळीवर पोचलं आणि तिथेच थांबलं.

ओळ अशी होती. ‘इतर सेवा: मोबाइल चौथा. सौभाग्यवाणी, दररोज नवा उखाणा.’

मोबाइल चौथा त्यांचाच होता.

गोष्ट तशी साधी होती. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी त्या आडव्या झाल्या असताना फोन आला. पलीकडे एक बाई, आवाज इतका मऊ की बोलणं मोडवेना. म्हणाली, “ताई, रोज नवा उखाणा ऐकायचा असेल तर एक दाबा.” कमळाबाईंनी एक दाबला. ती म्हणाली, “खात्री असेल तर पुन्हा एक दाबा.” एवढ्या आदराने विचारते, म्हणून पुन्हा दाबला. तेव्हापासून रोज दुपारी दोन वाजता ती बाई त्यांना उखाणा सांगायची. ‘तुळशीला घातल्या प्रदक्षिणा सात’ असं म्हणायची, मग जरा थांबून ‘इथे पतीचे नाव घ्यावे’, मग ‘यांच्या संसाराला माझ्या हसण्याची साथ’. कमळाबाई तो पाठ करायच्या. डोहाळजेवण असो, हळदीकुंकू असो, गल्लीत त्यांच्यासारखं नाव कोणी घेत नसे. सुचतं तरी कसं, असं बायका विचारायच्या. त्या म्हणायच्या, “फुलं ओवताना आपोआप येतं.” आणि फोनवालीच्या उखाण्याचे पैसे पडतात हे त्यांना खरोखर माहीत नव्हतं.

“आन् ती इतर सेवा काय निघाली?” पुंजारावांनी विचारलं. भांडता भांडता त्यांना मुद्द्याची आठवण झाली होती.

कमळाबाईंनी कागदाची घडी केली, घडीची घडी केली आणि ती चोळीत सरकवली.

“कर हाय,” त्या म्हणाल्या. “सरकारी.”

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा गंगापूर रोडला. या वेळी पाटी आणली नव्हती. रांग संपेपर्यंत कोपऱ्यात थांबल्या आणि मग काउंटरवर ओणव्या झाल्या.

“आजी, मी त्या दिवशी सांगतच होते,” रोशनी म्हणाली. “तुम्ही म्हणालात तोंडी नको.”

“झालं ते झालं. आता एक काम कर. पुढच्या बिलात ती ओळ पहिल्यासारखी लिही. नुसतं इतर सेवा.”

रोशनी बघतच राहिली. “आजी, वेगळं दाखवा म्हणून तुम्हीच इथे ठाण मांडून बसला होतात!”

“मग आता मीच म्हनते, एकत्र कर.”

“नाही होणार. तुमच्या तक्रारीवरून वरच्या ऑफिसने आदेशच काढलाय. पुढच्या महिन्यापासून सगळ्या ग्राहकांना असंच बिल. मखमलाबादच्यासुद्धा सगळ्यांना.” तिने हसू दाबलं. “सेवा बंद करायची असेल तर आत्ता करून देते.”

कमळाबाईंनी घड्याळाकडे बघितलं. पावणेदोन झाले होते. “आजचा येऊ दे. मग कर,” त्या म्हणाल्या. आणि सोफ्यावर बसून, फोन कानाला लावून, त्यांनी शेवटचा उखाणा ऐकून घेतला.

पोटात ही गोष्ट घेऊन घरी राहणं कठीण होतं. घरातल्या सगळ्यांनी आपापली गुपितं ओकून टाकली होती, आणि सगळे हलके होऊन हिंडत होते. सोमनाथ तर आता पॉलिहाउसचा पडदा उघडा टाकून गात होता. कमळाबाईंनाच तेवढं सांगायला माणूस नव्हतं. सुनेला सांगितलं तर मान राहणार नाही, नवऱ्याला सांगितलं तर तो मेलेल्या माणसालाही सांगून हसवेल, गल्लीत तर नावच नको. गुरुवार आला. त्या भजनाला गेल्या नाहीत. पुंजारावांना त्यांनी निशिगंधाला पाणी सोडायला पाठवलं आणि लँडलाइनवरून स्वतः नामपूर लावलं.

“बोल भाऊ,” पलीकडून आवाज आला. “आज वहिनीनी काय रांधं?”

गोजराबाईला नामपूरला नांदायला जाऊन चाळीस वर्षं झाली होती. तिची बोली पुरती तिकडची झाली होती.

“वांग्याचं भरीत,” कमळाबाई म्हणाल्या. “मीच बोलते, वन्सं.”

पलीकडे काहीतरी भांडं पडल्याचा आवाज आला.

“वहिनी?” गोजराबाई म्हणाली. “कशी शे तू?”

“बरी हाय. हे बघा, मला भांडायचं नाय. मला एक सांगायचंय, आन् ते घरात कोनाला सांगता येत नाय.”

आणि त्यांनी सगळं सांगितलं. मऊ आवाजाची बाई, एक दाबा, पुन्हा एक दाबा, फुलं ओवताना आपोआप सुचतं, सरकारी कर. गोजराबाई आधी ‘हं, हं’ करत होती. मग तिला हसू फुटलं, आणि ते इतकं वाढलं की तिने फोन कोणाच्या तरी हातात दिला, पाणी पिऊन आली आणि परत घेतला.

“वहिनी, मीबी एक सांगू का? ती जिलबी. ती पोचेल व्हती. मांगून आनी त्यासनी. दोन दोन वाढ्या सगळास्ले. पन तोवर मी बोली चुकनू. मंग कसं म्हनू?”

कमळाबाईंनी रिसीव्हर कानापासून लांब धरून त्याच्याकडे बघितलं. जिलबी मागाहून आली होती, दोन दोनदा वाढली होती, आणि एकदा बोलून गेलेला शब्द मागे घेता येईना म्हणून अकरा वर्षं. मग पुन्हा कानाला लावला.

“संक्रातीला या,” त्या म्हणाल्या. “हळदीकुंकू हाय. आन् जिलबी करते. समोर बसून खा.”

दरम्यान पुढच्या महिन्याची सहा तारीख आली आणि गल्लीत घरोघरी नवी बिलं पडली. एकेक ओळ वेगळी, मराठीत. त्या आठवड्यात मखमलाबादच्या बायकांना गंगापूर रोडला एकाएकी फार कामं निघाली. कोणी डॉक्टरचं सांगितलं, कोणी ब्लाउजचं. कमळाबाई बाजारातून परतताना बसच्या खिडकीतून बघायच्या, तर कंपनीच्या काचेच्या दारातून शेजारची कुठली तरी ओळखीची साडी लगबगीने आत शिरत असायची.

संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी कमळाबाईंकडे हळदीकुंकू झालं. गोजराबाई आदल्या दिवशीच आली होती. हॉलमध्ये वीसेक बायका बसल्या होत्या, तिळगूळ फिरला होता, गप्पा रंगल्या होत्या. तेवढ्यात दारात एक पाहुणी उभी राहिली. काळी चंद्रकळा, नाकात नथ, केसांत गजरा. ती रोशनी होती. कमळाबाईंनीच तिला बोलावलं होतं.

ती आत आली आणि गप्पा थांबल्या. रोशनीने खोलीभर नजर फिरवली आणि सगळ्यांना नमस्कार केला. सात बायकांनी तिची नजर टाळली. दोघींनी एकदम तिळगुळाच्या वाटीत तोंड घातलं.

“चला, नावं घ्या आता,” मीना म्हणाली. तिला बिचारीला काही माहीत नव्हतं. “काकू, तुम्ही सुरू करा. तुमचा दरवर्षी नवा असतो.”

समोरच्या घरातल्या काकूंनी रोशनीकडे एकदा बघितलं. “यंदा घसा बसलाय,” त्या म्हणाल्या आणि नुसतंच यजमानांचं नाव सांगून मोकळ्या झाल्या. दुसरीने तेच केलं. तिसरीने नावासोबत आडनावही सांगितलं, एवढाच फरक. सरकारी यादी वाचावी तशी नावं पुढे सरकत होती. कमळाबाई एकेक चेहरा न्याहाळत होत्या आणि त्यांच्या मनात आकडा वाढत होता. सहा. सात. आठ. आपण एकट्याच नव्हतो तर.

रोशनी मान खाली घालून बसली होती, पण तिचे खांदे हलत होते.

नावं फिरत फिरत गोजराबाईपाशी आली. तिने पदर सारखा केला, गुडघ्यावर हात ठेवले आणि खणखणीत आवाजात म्हणाली:

“नामपूरना बाजारमा कांदानी रास,
फकिराराव घोरतस तं पयतस डास!”

क्षणभर कोणाला कळलं नाही. फकिराराव म्हणजे तिचा नवरा, आणि तो घोरला की डास पळतात, हे डोक्यात शिरलं तेव्हा सगळी खोली खिदळली. समोरच्या काकूंचा बसलेला घसा बरा झाला, त्या सगळ्यांत मोठ्याने हसत होत्या. “हा कुठल्या...” असं त्या विचारणार होत्या, पण रोशनीकडे बघून थांबल्या.

“माझा माझा शे,” गोजराबाई म्हणाली. “तिकडे बोकड्याच्या बाजारातबी असाच म्हनते मी.”

“आता कमळाबाई!” बायका ओरडल्या.

कमळाबाईंकडे सौभाग्यवाणीचा शेवटचा उखाणा शिल्लक होता, पाठ केलेला, कोऱ्या नोटेसारखा. त्या उठल्या. तोंड उघडलं. रोशनी त्यांच्याकडे बघत होती, गोजराबाई बघत होती. आतल्या खोलीच्या दाराआड पुंजाराव आणि सोमनाथ कान लावून उभे आहेत, हेही त्यांना दाराखालच्या चार पावलांवरून दिसत होतं. त्यांनी तो उखाणा गिळला आणि दुसरंच काहीतरी शोधायला लागल्या. बराच वेळ लागला. बायका थांबल्या. मग त्या बोलल्या, अडखळत, एकेक शब्द ओवत:

“निशिगंधाची जुडी बांधली केळीच्या सोपटात,
पुंजाराव दिसायला भोळे, पन मुरलेले कपटात!”

दाराआडून मोठा ठसका आला. पुंजारावांच्या घशात हसता हसता तिळगूळ अडकला होता. सोमनाथ त्यांच्या पाठीत थापट्या मारत होता, त्याचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. गोजराबाईने वहिनीचा हात धरून तिला खाली ओढलं आणि जिलबीचं ताट तिच्यापुढे केलं. बायका पुन्हा एकदा, पुन्हा एकदा म्हणत होत्या. कमळाबाई लाल झाल्या होत्या, आणि दुसरी ओळ आपल्याला कशी सुचली याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटत होतं.